पावणेनऊला एक

इंजिनं बांधणाऱ्यांच्या त्या गल्लीत त्याचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी तो कानसेन. वय छप्पन्न, अंगाने काटकुळा, आणि एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ. चहा उभ्यानेच घ्यायचा, तोही अर्धाच. उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी एखाद्या सिलिंडर हेडच्या आड साय धरून सापडायचा. बायको म्हणायची, "ह्यांना जेवायला वाढायचं म्हणजे ताट घेऊन मागे पळावं लागतं."

नाव पडलं ते कानामुळे. इंजिन पूर्ण ताकदीने ओढत असताना कधीकधी आतून एक बारीक आवाज येतो, पत्र्याच्या डबीत वाळूचे चार दाणे हलवल्यासारखा. त्याला ठोका म्हणतात. सिलिंडरमध्ये दाबलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण कोपऱ्यात आपलं आपणच भडकलं की तो येतो, आणि येतो तो पिस्टनच्या जिवावर उठूनच. टर्बोच्या गाड्यांना हे दुखणं जास्त, कारण टर्बो बाहेरची हवा कोंबून कोंबून आत भरतो. कानसेन ब्लॉकला तांब्याची नळी लावायचा, तिचं दुसरं टोक कानाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. ठिणगी जितकी आधी पडेल तितका जोर जास्त, आणि ठोक्याचा धोकाही. मग गाडीत बसलेल्याला हाताने खुणा. ठिणगी थोडी आधी. अजून थोडी. बास! दुसरे मेकॅनिक भीतीपोटी चार अंश अलीकडेच थांबायचे. हा गाडी ठोक्याच्या उंबरठ्यावर नेऊन उभी करायचा. त्याच्या गाड्यांचा जोर जास्त असायचा तो एवढ्यामुळेच.

वर्कशॉप दोघा भावांचं. थोरला सिलिंडर कापायचा, मापायचा. बोलायला आणि हलायला सारखाच जड. कुठले पिस्टन घालायचे, किती दाब ठेवायचा, हे ठरवायचं धाकट्याने. तीस वर्षं हे असंच बिनबोभाट चाललं होतं.

एका मंगळवारी दुपारी बसवाली आली. शाळेची बस चालवायची ती. सकाळची मुलं पोचवून झाली की दुपारच्या फेरीपर्यंत मोकळी. अडतीस-एकोणचाळीसची, दंडाने भक्कम, निळ्या शर्टाच्या बाह्या कायम वर सारलेल्या. तिची स्वतःची गाडी म्हणजे दोन लिटरच्या इंजिनाची एक जुनी हॅचबॅक, तिला टर्बो बसवलेला. रोज पहाटे त्याच गाडीने बत्तीस किलोमीटरवरच्या बसडेपोत जायचं, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी, बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर, चारशे मीटरच्या शर्यतीत तीच गाडी पळवायची. लोक ह्या दोन कामांना दोन गाड्या ठेवतात. हिच्याकडे एकच, आणि तिच्यावर पोटच्या पोरीइतकी माया.

तिने बाकावर पिवळं फडकं उलगडलं. आत तिने स्वतः सोडवून काढलेला पिस्टन होता; बाकीचं इंजिन बाहेर टेम्पोत.

"बघा हो काका. रविवारी तिसऱ्या गिअरला धाडकन आवाज झाला आणि मागे नुसता धूर. तरी नशीब, गाडी सरळ राहिली."

कानसेन पिस्टन घेऊन खिडकीपाशी गेला. वरच्या दोन रिंगांमधली भिंत एका बाजूने तुटून गेली होती. माथ्याची कड कुणी सुईने टोचून काढल्यासारखी खडबडीत झाली होती. त्याने अंगठा तिच्यावरून फिरवला, परत फिरवला.

"पेट्रोलमध्ये भेसळ असणार," बसवाली म्हणाली. "नाहीतर तुमच्या हातचं इंजिन पाच महिन्यांत जायचं म्हणजे काय!"

"असेल," कानसेन म्हणाला.

म्हणाला खरं, पण अंगठा अजून त्या कडेवरच होता. ती खडबडीत कड एका रविवारची नव्हती. एका टाकीभर वाईट पेट्रोलचीही नव्हती. तो पिस्टन महिनोन्महिने ठोके खात होता, बहुधा पहिल्याच दिवसापासून. आणि त्या पहिल्या दिवशी नळी कानाशी धरून हाच उभा होता. 'अजून थोडी आधी' ही खूण ह्यानेच केली होती.

बसवाली पुढचं बोलत होती. आता साधे ओतीव पिस्टन नकोत, चांगले फोर्ज्ड घाला, ठोकून घडवलेले. पण दाब आहे तोच ठेवा, साडेनऊला एक. म्हणजे पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा, ती तो वर आल्यावर साडेनऊ पटीने आवळली जाते.

"त्याच्याखाली जाऊ नका," ती म्हणाली. "दाब कमी केला की टर्बो भरेपर्यंत गाडी म्हशीसारखी चालते. मला रोज डेपोत जायचंय."

"बघतो," कानसेन म्हणाला, आणि ती जायच्या आतच बाहेर जाऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालून आला.

त्या आठवड्यात बायकोला बारीक ताप होता. संध्याकाळी थर्मामीटर काखेत धरून ती पडली होती आणि हा खोलीत येरझाऱ्या घालत होता.

"अहो, घ्या ना ते. कधीचं वाजतंय."

"काय वाजतंय?"

तिने उठून थर्मामीटर त्याच्या हातात दिलं. पडद्यावर आकडा लुकलुकत होता. त्याने ते उजव्या कानाशी धरलं, मग डाव्या. बायको त्याच्याकडे बघत राहिली. गेली दोन वर्षं ती प्रत्येक गोष्ट त्याला दोनदा सांगत होती आणि त्याला तो तिचा स्वभाव वाटत होता.

दुसऱ्या दिवशी 'गॅस्केट बघून येतो' असं थोरल्याला सांगून तो कान तपासायला गेला. काचेच्या कपाटासारखी खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला तो धडाधड बटण दाबत होता. मग बराच वेळ काहीच आलं नाही. काचेपलीकडची बाई मात्र सारखी काहीतरी फिरवत होती, लिहीत होती. त्याला वाटलं यंत्र बिघडलं. शेवटी आवाज नसतानाही त्याने एकदा बटण दाबून पाहिलं, परीक्षेत चोरून बघणाऱ्या मुलासारखं. बाईने मान हलवली.

कागदावरची रेघ निम्म्या वाटेपर्यंत बरी चालली होती आणि मग कड्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती.

"बोलणं ऐकू येईल, जाड आवाज येतील," बाई म्हणाली. "बारीक, टोकदार आवाज गेले. काम काय करता?"

"इंजिनं."

"ग्राइंडर चालवताना कानाला काही लावत होतात?"

कानसेन हसला. कानावर काही घालून तो काम काय करणार होता?

त्यानंतरचे दिवस त्याने नुसते जाळले. भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूने 'साडेनऊ' लिहिलं, पुसलं. 'नऊ' लिहिलं, पुसलं. मग बसवालीच्या इंजिनाचं हेड उलटं ठेवलं, वर काचेची चकती चिकटवली आणि बारीक नळीने थेंब थेंब रॉकेल सोडून वरच्या पोकळीचं माप घेतलं. सत्तेचाळीस सीसी. परत घेतलं. सत्तेचाळीस. सहा वेळा घेतलं. थोरला मशीनवरून बघत होता.

"ते रॉकेल आता कंटाळलंय," थोरला म्हणाला.

शनिवारी फळ्यावर एकच आकडा उरला. आठ.

थोरल्याने चष्मा वर केला. "तू आणि आठ? आठ म्हणजे ट्रॅक्टर झाला. ती बाई डोक्यात पाना घालेल."

"टिकेल."

"टिकायला काय, दगडही टिकतो. आणि एवढंच हवं तर नवे पिस्टन कशाला? जाड गॅस्केट टाक, जागा वाढेल, दाब उतरेल."

"जाड गॅस्केट चालणार नाही." इथे मात्र कानसेनची जीभ सैल झाली. "पिस्टन वर आल्यावर त्याची कड आणि हेड यांच्यात जेमतेम एक मिलिमीटर राहायला पाहिजे. फट वाढली की मिश्रण त्या कोपऱ्यात रेंगाळतं, आणि रेंगाळलेलंच आधी भडकतं. दाब कमी करायचा तर पिस्टनच्या माथ्यावर खोलगट बशी पाहिजे."

"हे सगळं तुला कळतं, मग आठ का?"

हातातला खडू कानसेनने इतका दाबला की तुकडे झाले. मग तो म्हणाला, "चाललो," आणि खरंच चालायला लागला.

शाळेच्या मागच्या रस्त्यावर बस उभी होती. बसवाली ड्रायव्हरच्या सीटवर डबा उघडून बसली होती. बाकी बस रिकामी. सीटांच्या पाठीवर पेनाने काढलेली चित्रं, खाली पेन्सिलींच्या सोललेल्या साली.

"काका? इकडे कुठे? बसा."

"बसवत नाही," तो म्हणाला, आणि सीटांच्या मधल्या वाटेने मागपर्यंत गेला, परत आला. "ताई, पेट्रोल चांगलं होतं."

"म्हणजे?"

"ठोका होता. पहिल्या दिवसापासून होता. मला ऐकू आला नाही. मला तो आवाज आता ऐकूच येत नाही. परवा तपासून आलो. मी ठिणगी पुढे पुढे सरकवत राहिलो, कारण मला वाटत होतं सगळं शांत आहे."

बसवालीने डब्याचं झाकण लावलं.

"तुम्ही मंगळवारी 'असेल' म्हणालात."

"हो."

"तेव्हा माहीत होतं?"

"कड बघितली तेव्हाच कळलं."

"शेजारच्या लेनमध्ये माणूस असतो, काका. माझं ऑइल त्याच्या चाकाखाली गेलं असतं म्हणजे? माझ्या रोजच्या रस्त्यावर माणसं असतात. आणि मी पाच महिने सगळ्यांना सांगत फिरले, की माझं इंजिन कुणी ट्यून केलंय माहितेय का!"

तो परत मागच्या सीटपर्यंत जाऊन आला.

"उतरा आता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यानेच त्याला जास्त लागलं. "माझी मुलं यायची वेळ झाली."

तो तसाच वर्कशॉपमध्ये परतला आणि त्याने थोरल्यालाही सांगून टाकलं. थोरल्याने मशीन बंद केलं. असं कापता कापता मधेच मशीन बंद करणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं. तीनही असतील."

थोरल्याने खुर्ची ओढली, टेबलाच्या खणातून जुनी वही काढली आणि बोट ठेवत ठेवत मागे गेला. तीन वर्षांत धाकट्याने कानाने ट्यून केलेल्या टर्बो गाड्या. बसवालीची सोडून एकोणीस.

"मला का नाही सांगितलंस?" थोरला वहीतून मान वर न करता म्हणाला. "मी तुझा भाऊ आहे का गिऱ्हाईक?"

"दादा, तुला सांगितलं असतं तर मग मी इथे काय म्हणून यायचं?"

थोरल्याने फोन पुढे सरकवला. "कर सुरुवात."

एकोणीस फोन कानसेनने स्वतः केले, उभ्याने, फोनची वायर जाईल तेवढ्या अंतरात फेऱ्या मारत. गाडी घेऊन या, माझी चूक झालीय, ठिणगी मागे घ्यायचीय. काहींना वाटलं गंमत करतोय. दोघांनी शिव्या घातल्या. एकजण म्हणाला, "कानसेन, माझी गाडी झकास पळते, तुम्ही विश्रांती घ्या," आणि आलाच नाही. बाकीचे आठ दिवसांत आले. प्रत्येक गाडीचे स्पार्क प्लग काढून कानसेनने भिंग लावून पाहिले. पांढऱ्या चिनी मातीवर मिठाच्या कणांएवढे चकचकीत ठिपके दिसले, की ते पिस्टनमधून उडालेलं ॲल्युमिनियम. पाच गाड्यांत सापडले. प्रत्येक वेळी ठिपका दिसला की तो भिंग ठेवून बाहेर जाऊन यायचा.

त्याच आठवड्यात बायको त्याला हाताला धरून श्रवणयंत्र घ्यायला घेऊन गेली. ते लावून तो घरी आला तर त्याला स्वतःची चप्पल ऐकू यायला लागली, वर्तमानपत्राचा कागद कडकडायला लागला. वर्कशॉपमध्ये कोणी फाइल घासली तर दातच शिवशिवायचे. ठोका त्यातून ऐकू येईल ही आशा मात्र पहिल्याच दिवशी गेली. सगळे आवाज एका पोत्यात भरून हलवल्यासारखे येत होते. घरी घालायचं आणि कामावर खिशात ठेवायचं, असं ठरलं.

नवव्या दिवशी बसवाली दारात उभी.

"एकोणीस जणांना फोन केलेत म्हणे. गल्लीत तेच चाललंय. मी विसावी का?"

"तुम्ही पहिल्या," कानसेन म्हणाला.

ती आत आली. फळ्यावर अजून आठचा आकडा होता. तिने तो नीट वाचला.

"हा माझा?"

"भीतीने काढलेला आहे," कानसेन म्हणाला, आणि थोरल्याने मान वर केली. "आठवर ठेवलं तर मी निवांत झोपेन. पण गाडी तुमची आहे, झोप माझी. त्यामुळे तो पुसतो."

"मग साडेनऊ?"

"तेही नाही. तुम्ही रोज पंपावरचं साधं पेट्रोल भरता. रविवारी टर्बोचा दाब वाढवता. साडेनऊवर थोडं उन्हाचं गरम झालं, थोडी चढण लागली, की आतलं मिश्रण संधीच बघत असतं. मी पूर्वी ते कानाने सांभाळायचो, आता सांभाळू शकत नाही. आणि खरं विचाराल तर दुसऱ्याच्या कानाच्या भरवशावर इंजिन बांधायचंच नसतं, हे मला आता कळतंय." त्याने खडू उचलला. "सत्तेचाळीस सीसी हेडमध्ये, आठ गॅस्केटमध्ये, साडेनऊ पिस्टनच्या बशीत. हिशेब बसतो पावणेनऊला एक. वरच्या वेगाला टर्बोला जास्त हवा कोंबायला वाव राहील. सिग्नलवरून म्हैस होणार नाही. हरीणही होणार नाही."

"मग काय होणार?"

"घोडी," थोरला मशीनमागून म्हणाला. तो विनोद करायचा वर्षाकाठी दोन, त्यातला हा एक.

बसवालीला हसू आलं. तिने ते गिळलं. मग पिस्टनच्या धातूवर बोलणं सुरू झालं. फोर्ज्डमध्ये दोन जाती. एकात सिलिकॉन जास्त. तो तापला तरी फारसा फुगत नाही, सिलिंडरमध्ये घट्ट बसतो, गुपचूप चालतो. पण फार कडक. ठोका बसला की काचेसारखा तडकतो. दुसरा चिवट, मार खाऊन वाकेल पण तुटणार नाही. पण तो तापल्यावर फुगतो म्हणून सिलिंडरमध्ये आधीच जास्त फट ठेवावी लागते, नऊ शतांश मिलिमीटर. इंजिन थंड असताना तो त्या फटीत डगडगतो.

"म्हणजे आवाज करेल?"

"पहिली पाच मिनिटं खडखड. जुन्या शिलाई मशीनसारखी."

"मी पावणेपाचला गाडी काढते, काका. सगळी गल्ली झोपलेली असते. समोरचे आजोबा आत्ताच खिडकीतून डोळे वटारतात."

"मग पहिल्या जातीचा घेऊ. रोजच्या वापराला तोच बरा, हे मी प्रामाणिकपणे सांगतो."

बसवालीने बोटांनी बाकावर ताल धरला. तिलाही एका जागी बसणं जड जात होतं, हे कानसेनच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

"आणि पुन्हा कोणाला काही ऐकू आलं नाही तर?" तिने विचारलं.

"तर चिवट असलेला तुम्हाला घरी घेऊन येईल."

"चिवट घाला. आजोबांना मी सांगते, इंजिनाला थंडी वाजते म्हणून." मग ती गंभीर झाली. "एक अट आहे. ट्यूनिंग तुम्ही करायचं नाही. लॅपटॉपवाल्याकडे करायचं."

गल्लीच्या पलीकडच्या टोकाला रोलरवर गाडी चढवून संगणकाने ट्यूनिंग करणाऱ्या त्या चाळिशीतल्या माणसाला कानसेनने दहा वर्षं 'टंकलेखक' म्हणून हिणवलं होतं. तोंडावर.

"बरं," कानसेन म्हणाला.

थोरल्याने सिलिंडर कापले, घासले, नऊ शतांशावर आणून सोडले. पिस्टन बसले. हजारेक किलोमीटर गाडी हळू चालवून बसवालीने इंजिन मुरवलं; मग एका सकाळी चौघे लॅपटॉपवाल्याच्या रोलरभोवती उभे होते. त्याने ब्लॉकला सेन्सर लावला. ठोका झाला की पडद्यावरची पट्टी लाल होणार. पहिल्याच खेपेला पट्टी लालभडक.

"ह्या पिस्टनांचीच खडखड आहे ती," लॅपटॉपवाला म्हणाला. "सेन्सर फसतोय." त्याने मर्यादा वर सरकवली. पट्टी हिरवी झाली. पुढच्या तीन खेपांना हिरवीच राहिली, जोर वाढत गेला, बसवालीचे डोळे चमकायला लागले.

कानसेन मात्र रोलरभोवती घिरट्या घालत होता. "प्लग काढा."

"कशाला? हिरवं आहे."

"मलाही हिरवंच ऐकू येत होतं, दोन-तीन वर्षं," कानसेन म्हणाला. "काढा."

लॅपटॉपवाला पुटपुटत पाना घेऊन आला. पहिला प्लग स्वच्छ. दुसरा स्वच्छ. तिसऱ्याशी कानसेनने भिंग नेलं आणि तसंच लॅपटॉपवाल्याच्या हातात दिलं. चिनी मातीवर दोनच ठिपके होते, टाचणीच्या टोकाएवढे.

लॅपटॉपवाल्याने ठिपके पाहिले. मग खुर्चीत बसला आणि मर्यादा खाली आणायला लागला.

"खडखड कमी वेगाला आहे, ठोका वरच्या वेगाला," थोड्या वेळाने तो म्हणाला. "दोन्हीकडे वेगळी मर्यादा लावायला पाहिजे होती. माझं चुकलं."

"तिसरं सिलिंडर मधल्या दोहोंतलं आहे, जास्त तापतं," कानसेन म्हणाला. "त्याची एकट्याची ठिणगी दोन अंश मागे घेता येते का तुमच्या यंत्रात?"

"येते."

"येते?" कानसेन खाली वाकून पडद्यात बघायला लागला. "एकट्याची? हे मला दहा वर्षांत कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?"

त्या दिवशी प्लग अकरा वेळा निघाले. शेवटच्या खेपेला तिसरा प्लग दुधासारखा पांढरा होता. जोर घटला तो आठ अश्वशक्तीने. बसवालीने तोंड वाकडं केलं, पण 'असू दे' म्हणाली.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी धावपट्टीवर ऊन मी म्हणत होतं. सिमेंटच्या फटींतून गवत वर आलेलं, दोन लेनच्या मधे रबराचा वास. कानसेन कुंपणाला धरून उभा राहायचा प्रयत्न करत होता. थोरल्याने शेवटी त्याचा शर्ट मागून मुठीत धरला. बसवालीचा पूर्वीचा उच्चांक बारा पूर्णांक सहा सेकंदांचा होता. पहिल्या खेपेला बारा पूर्णांक चार आले. दुसऱ्या खेपेला बारा पूर्णांक दोन, आणि ती फेरी तिने जिंकली. तिसऱ्या फेरीला समोर पिवळी गाडी होती. दिवा हिरवा झाला तेव्हा बसवाली पापणी लवेल एवढी उशिरा सुटली. मधोमध तिने ते अंतर खाल्लं, शेवटी पिवळीच्या दारापर्यंत नाक नेलं, आणि तिथेच चारशे मीटर संपले. घड्याळात बारा पूर्णांक एक. गाडीसाठी उच्चांक, शर्यत मात्र गेली.

ती परत आली ती हेल्मेट सीटवर आपटूनच.

"मी झोपले होते का तिथे? दिव्याला काय झालं होतं मला?"

कानसेन आधीच बॉनेट उघडून ऑइल बघत होता, पाणी बघत होता, हाताने चारही बाजू चाचपत होता. सगळं जागच्या जागी होतं.

"काका, नऊ केलं असतं तर? पावणेनऊऐवजी नऊ?"

थोरला म्हणाला, "सुरू झाले."

"नऊ केलं असतं तर सुटतानाचा ओढा वाढला असता," कानसेन म्हणाला. "पण तिसऱ्याची ठिणगी अजून मागे न्यावी लागली असती. जे खालच्या वेगाला मिळालं ते वरच्या वेगाला गमावलं असतं." बोलता बोलता तो बॉनेटवरच्या धुळीत बोटाने आकडे लिहायला लागला. बसवाली वाकून बघत होती. "मात्र टर्बो थोडा लहान घेतला, लवकर भरणारा, तर पिस्टन हेच ठेवून…"

"लहान टर्बो वर गुदमरेल."

"किती वर? शेवटची रेघ ओलांडताना इंजिन मिनिटाला किती फेऱ्या घेत होतं?"

"सहा हजार आठशे."

"मग त्याच्या दोनशे आधी गुदमरेल. अंदाज आहे माझा. लॅपटॉपवाल्याला विचारू. आत्ता फोन करतो."

"रविवार आहे, अरे," थोरला म्हणाला. "त्या माणसाला घर आहे. आणि हिला उद्या पहाटे डेपोत जायचंय, ह्याच गाडीने. बंद करा ते बॉनेट."

कानसेनने बॉनेट लावलं. पण फोन लावलाच. दुसऱ्या हाताने श्रवणयंत्र खिशातून काढून कानात बसवत तो गाडीभोवती चालायला लागला, आणि बसवाली त्याच्या मागोमाग, "विचारा, एक्झॉस्ट बदलावा लागेल का ते पण विचारा," म्हणत.